सोलापूरचे न झोपणारे उंदीर

सोलापूरला लोक चादरी घ्यायला जातात, लग्नाला जातात, गड्ड्याच्या जत्रेला जातात. मी गेले उंदरांना झोपवायला. परत आल्यापासून हे इतक्या जणांना ऐकवून झालंय, की आता एकदाचं लिहूनच काढते. माझ्या घशाला तरी आराम.

चौऱ्याहत्तरचा जानेवारी संपत आला होता. मी मुंबईत औषधशास्त्र शिकवते. औषध पोटात गेल्यावर शरीर त्याचं काय करतं आणि ते शरीराचं काय करतं, एवढाच आमचा धंदा. नोकरी हंगामी. पीएच.डी. झाली तर कायम, नाही झाली तर जूनमध्ये हातावर नारळ. प्रबंध लिहिला होता आमच्या मालवणकडच्या एका मुळावर. झोप न येणाऱ्या माणसाला तिथले वैद्य ते उगाळून देतात. त्याचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणी तरी ते उकळून प्यायल्याशिवाय राहणार नाही!

प्रयोग सोपा आहे. पांढऱ्या उंदराला झोपेच्या औषधाची सुई द्यायची, झोपला की उताणा ठेवायचा आणि घड्याळ लावायचं. स्वतःहून पालथा झाला की जागा झाला. मुंबईत माझे साधे उंदीर सव्वा तास झोपायचे. आधी मूळ पाजलेले जवळजवळ तीन तास. चार वर्षं मी उताणे उंदीर बघत काढली. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी तेवढ्यात दोन दोन पोरांच्या आया झाल्या.

प्रबंध तपासायला गेला सोलापूरच्या डॉक्टर बिराजदारांकडे. एका ट्रस्टच्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं. ‘आपला प्रयोग मी माझ्याकडे दोनदा करून पाहिला. जमला नाही. विद्यापीठाला तसं कळवण्याआधी आपण स्वतः येऊन माझ्यासमोर तो करून दाखवावा. महिनाअखेरपर्यंत थांबतो.’

माझे मार्गदर्शक पाटणकर सर पत्र वाचून म्हणाले, “सरळ नापास करून मोकळा झाला असता, तर कोण विचारणार होतं? भला माणूस दिसतोय. जा तू. आणि कुंदा, तिथं जरा तोंड सांभाळ.”

तोंड दोन दिवससुद्धा सांभाळलं गेलं नाही, ते पुढं येईलच.

सोमवार

सोलापूर स्टेशनवर डॉक्टर बिराजदार स्वतः स्कूटर घेऊन उभे. उंच, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा शर्ट मनगटापर्यंत बंद. मी लॉजचं विचारलं तर बिचकलेच.

“लॉज? छे छे. बाईमाणसाला लॉजमध्ये उतरवलं म्हटल्यावर आमची मंडळी मला घरात घेईल काय?”

म्हणजे परीक्षकाच्याच घरी परीक्षार्थीनं मुक्काम करायचा! मुंबईत असं काही झालं तर चौकशी समिती बसेल. मी तसं म्हणाले. ते स्कूटर चालू करता करता म्हणाले, “एक नियम करू की. घरात तुम्ही पाहुण्या, तिथं उंदराचं नाव काढायचं नाही. प्रयोगशाळेत तुम्ही उमेदवार, तिथं भाकरीचं नाव काढायचं नाही.” पहिले दोन दिवस तरी हा नियम त्यांनी अक्षरशः पाळला.

त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणतात. नवऱ्याशी कानडी, माझ्याशी मराठी, आणि घाईत असल्या की एकाच वाक्यात दोन्ही. “ऊटा माडी, ऊटा माडी, जेवा, लाजायचं न्हाय,” म्हणत त्यांनी माझ्यासमोर भाकरी ठेवली. ती मी आमच्या तांदळाच्या भाकरीसारखी दुमडायला गेले, तर कडाड्दिशी मोडून निम्मी शेजारच्या ताटात! कडक भाकरी ती. महिनाभर टिकते म्हणे. शेंगांची चटणी, वर घट्ट दही, आणि तो तुकडा दाताखाली मोडल्याचा आवाज. माशावाचून जेवण गोड लागू शकतं, हे मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळलं.

मंगळवार

प्रयोगशाळा होटगी रस्त्याला. मागे उंदरांची खोली, आणि खोली कसली, देवघर! पांढऱ्याशुभ्र भिंती, घासलेली फरशी, पिंजऱ्यांचे गज लखलखीत. आमच्या मुंबईच्या खोलीत नाकाला पदर लावल्याशिवाय पाऊल टाकवत नाही. इथली राखण करणारे सिद्राममामा पूर्वी कापडगिरणीत होते. पन्नाशी उलटलेली, मिशी भरघोस.

“हितं एक ढेकूण दाखवा बाई,” ते म्हणाले, “मिशी उतरवतो.”

सोळा उंदीर घेतले. आठांना मूळ, आठांना नुसतं पाणी. मग सगळ्यांना सुई. डॉक्टर बिराजदार खुर्ची ओढून समोर बसले, मागं त्यांचे तीन विद्यार्थी उभे. उंदीर झोपले. मी घड्याळ लावलं आणि मनात रवळनाथाला नारळ बोलले.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला पहिल्या उंदराने मिशा हलवल्या आणि टुणकन पालथा झाला. मूळ पाजलेला होता तो! मग दुसरा, तिसरा. तासाच्या आत सोळाच्या सोळा उठून पिंजऱ्यात फेऱ्या मारत होते.

“सोलापूरचा उंदीर हाय बाई,” सिद्राममामा कौतुकाने म्हणाले. “लई चिवट. त्याला कुटली झोप?”

विद्यार्थी हसले. आणि माझं डोकं फिरलं. “मामा, पिंजऱ्यांची अदलाबदल तुम्हीच केलीत!” मी सगळ्यांदेखत ओरडले. “नाही तर हे शक्यच नाही!”

सिद्राममामांनी टोपी उचलली, डोक्याला घातली आणि बाहेर निघून गेले. शरमेनं माझे कान तापले, पण माफी मागायला जीभ रेटेना.

बुधवार

सकाळी पुन्हा तोच प्रयोग. औषध मी तयार केलं, पिंजऱ्यांना चिठ्ठ्या मी लावल्या, सुया मी दिल्या. तेच! मुळाचे उंदीर साध्या उंदरांपेक्षा चार-पाच मिनिटं जास्त झोपले असतील, म्हणजे काहीच नाही. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, थोडं थांबले आणि परत लावलं. “जेवायला घरी जाऊ,” एवढंच म्हणाले.

घरी अक्कांनी खपली गव्हाची हुग्गी केली होती. गूळ, तूप, खसखस. एरवी मी वाटीभर मागून घेतली असती. त्या दिवशी तशीच ताटावरून उठले. मागच्या मोरीवर जाऊन हात धुताना मला रडूच कोसळलं. चार वर्षं गेली, नोकरी गेली, पाटणकर सरांचं नाव घालवलं. अक्का पाठीमागून आल्या, पाठीवर हात ठेवून “अळबेड, अळबेड” म्हणत राहिल्या. रडू नको, रडू नको. कानडीचा एक शब्द येत नसताना तो अर्थ मला समजावून सांगावा लागला नाही.

रडून झाल्यावर माझं डोकं चालतं, हा माझा जुना अनुभव आहे. वही उघडून बसले. आतापर्यंत मी बघत होते ते मूळ पाजलेल्या उंदरांकडे. पण नुसतं पाणी प्यालेले? मुंबईत ते सव्वा तास झोपतात. इथं कसेबसे पस्तीस मिनिटं! अहो, म्हणजे माझं मूळ राहू दे बाजूला, इथं झोपेच्या औषधालाच कुणी दाद देत नव्हतं.

डॉक्टरांना गाठून विचारलं. नियम मोडून, ओसरीवरच.

“पाच वर्षं असंच आहे,” ते म्हणाले. “इकडची जातच तापट, असं धरून चाललो. आमचे सगळे आकडे त्याच हिशेबानं घेतलेले आहेत.”

मी तशीच उंदरांच्या खोलीकडे निघाले. उत्तर शोधायला नव्हे, सिद्राममामांची माफी मागायला. आत ते पाठमोरे बसले होते. हातात फडक्याची पुरचुंडी, आणि तिच्यातली पांढरी पूड पिंजऱ्याच्या फटीफटीत थोपटत होते.

“मामा, ही कसली पूड?”

ते माझ्याशी बोलत नव्हते. कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट केलं. डीडीटी.

“किती दिवसांनी टाकता?”

दोन बोटं. आठवड्यातून दोनदा.

मी खोलीतच “अगं बाई गं!” म्हणून अशी किंचाळले, की सगळे पिंजरे खडखडले. परदेशी मासिकात कुठंसं वाचलेलं डोक्यात लख्ख उभं राहिलं. शरीरात आलेलं औषध मोडून टाकायचं काम यकृताचं. अशी कीटकनाशकं रोज थोडी थोडी पोटात जात राहिली, की यकृत ते काम दुप्पट-तिप्पट वेगानं करायला लागतं. मग झोपेचं औषध घ्या नाही तर माझं मूळ, आत गेलं की फडशा! उंदीर तापट बिपट काही नव्हते. त्यांची यकृतं तयार पैलवान झाली होती, आणि ती तालीम दिली होती ढेकूण मारण्याच्या पुडीनं.

डॉक्टर आणि विद्यार्थी प्रयोगशाळेत आल्यावर मी सगळं सांगितलं, आणि डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “पटण्यासारखं आहे. पुरावा?”

“सर, पुरावा म्हणजे… पूड बंद करून दोन महिने थांबलं तर…”

“महिना संपायला आठच दिवस आहेत, सामंतबाई. आणि ‘वाटतं’ असं लिहून मी सही करत नसतो.”

याच जातीचे, पण पूड न लागलेले उंदीर हवे होते. ते आणायचे कुठून? माफी मागायची राहिलीच होती. मी सिद्राममामांसमोर जाऊन उभी राहिले. “मामा, काल मी फार वाईट बोलले. सगळ्यांदेखत बोलले, म्हणून सगळ्यांदेखत माफी मागते. चूक माझी होती.”

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “करकंबला हायत की.”

“काय?”

“आपलेच उंदीर. दिवाळीच्या आदी बनसोडे गुरुजी घिऊन गेले न्हाईत का, साळंतल्या पोरांना दाखवायला? तितं कोन पावडर मारतंय?”

त्या क्षणी मी त्यांच्या पायाच पडले असते, पण ते मागं सरकले.

गुरुवार, करकंब

पंढरपूरवरून पुढं एस.टी. दोन्ही बाजूला हुरड्यात आलेली ज्वारी, मग एकदम ऊस, आणि उसाच्या गाड्यांमागे आमची गाडी बैलाच्या चालीनं. मामा वाटभर मला गिरणीतल्या गोष्टी सांगत होते. राग कालच संपला होता. आमच्याकडे मालवणात असा राग तीन पिढ्या पुरवून वापरतात.

बनसोडे गुरुजी हायस्कूलमध्ये शास्त्र शिकवतात. नेलेले बारा उंदीर आता चाळीसच्या वर झाले होते. गुरुजींनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि पिंजऱ्यासमोर हात पसरून उभे राहिले.

“मारनार न्हाई ना? पोरांनी नावं ठिवल्यात एकेकाला.”

“गुरुजी, झोपतील आणि उठतील. सगळे परत आणून देते.”

“शपथ घ्या.”

घेतली. विद्येची घेतली, कारण आईची घेतल्यावर ते म्हणाले की आई तुमची, आमाला काय माहीत. मग त्यांनी आधी आम्हाला जेवायला बसवलं. करकंबची बाजार आमटी! लालभडक, वर तेलाचा तवंग, आत सगळ्या डाळी एक झालेल्या. भाकरी चुरायची आणि आमटी ओतायची. तिसऱ्या घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून धारा. मालवणी तिखट खाणारी मी, पण ही आमटी अंगावर धावून येते. तरी दोनदा घेतली.

परतीच्या गाडीत मांडीवर चोवीस उंदरांची झाकलेली बुट्टी. कंडक्टर आला. “ह्यात काय?”

“उंदीर,” मामा म्हणाले. “परीक्षेला चाललेत.”

कंडक्टरनं झाकण वर करून पाहिलं, आणि तेवढ्यात एक उंदीर उडी मारून थेट पुढच्या आजोबांच्या पागोट्यावर! गाडीत हलकल्लोळ. दोन बाया सीटवर चढल्या, एकजण ‘थांबवा, थांबवा’ ओरडला. आजोबा मात्र ढिम्म. उंदीर हातात धरून त्यांनी नीट निरखला आणि मला परत देत म्हणाले, “लई गुबगुबीत हाय पोरी. काय खायला घालतीस?”

“भाकरी,” मी म्हणाले.

शुक्रवार

उंदरांना प्रवासाचा शीण. एक दिवस विश्रांती हवीच, आणि पूड मारलेल्या खोलीत त्यांना ठेवणं शक्य नव्हतं. मग कुठं? डॉक्टरांच्या घरी, मागच्या पडवीत! अक्का कांदासुद्धा सोमवारी घरात येऊ न देणाऱ्या. “अय्यो शिवने!” म्हणून त्या कपाळाला हात लावून बसल्या. तासाभरानं बघते तर पिंजऱ्याजवळ पाट टाकून त्यांना भाकरीचा चुरा घालताहेत. डॉक्टरांनी पडवीच्या दारातूनच विचारलं, “तिकडच्या उंदरांचा आहार वेगळा असेल, तर त्यानंही फरक पडू शकतो. त्याचं काय?” घरातल्या घरात उंदराचं नाव निघालं! मी सांगितलं, दोन्हीकडे भाकरी आणि हरभरा, मामांना विचारून घेतलंय. ते मान डोलवून आत गेले.

शनिवार

बाटल्यांवर खुणा सिद्राममामांनी केल्या. कुठल्या बाटलीत मूळ आणि कुठल्यात पाणी, ते फक्त त्यांना ठाऊक. सुया डॉक्टरांनी स्वतः दिल्या. एका टेबलावर प्रयोगशाळेचे उंदीर, दुसऱ्यावर करकंबचे. मला हात लावायची परवानगी नव्हती. मी भिंतीला टेकून उभी.

अर्धा तास. प्रयोगशाळेचे उंदीर एकामागून एक उठले. करकंबचे उताणेच.

पाऊण तास, एक तास. सव्वा तासाच्या आसपास करकंबच्या टेबलावरचे काही उंदीर पालथे झाले, अगदी मुंबईसारखे! उरलेले झोपलेलेच. दीड तास, दोन तास. सिद्राममामा टेबलावर वाकून एकाच्या पोटाकडे बघत होते.

“झोपलाय की!” ते कुजबुजले. मग मोठ्यानं, “सर, झोपलाय की! घोरतोय बगा!”

शेवटचा उंदीर तीन तासांना दहा मिनिटं कमी असताना उठला. मामांनी खिशातून खुणांचा कागद काढला. उशिरा उठलेला प्रत्येक उंदीर मुळाचा होता. एकही चुकला नव्हता! मी काय केलं ते आठवत नाही. विद्यार्थी सांगतात की मी टाळ्या वाजवत टेबलाभोवती फिरले. फिरले असेन.

डॉक्टर उठून कपाटापाशी गेले. पाच वर्षांच्या वह्या होत्या त्यात. ते नुसते बघत उभे राहिले आणि माझ्या लक्षात आलं. माझं मूळ खरं ठरलं, म्हणजे या खोलीत घेतलेला झोपेच्या प्रत्येक औषधाचा आकडा खोटा ठरला. त्यांचा स्वतःचा एक निबंध नुकताच एका मासिकाकडे छपाईला गेला होता.

सिद्राममामांचा चेहरा उतरला. “सर, माज्यामुळं झालं व्हय हे?”

“पूड मारायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“तुमीच की. ढेकूण दिसायला नको म्हनला होता.”

“मग माझ्यामुळं झालं,” डॉक्टर म्हणाले, आणि विद्यार्थ्यांकडे वळले. “उद्या पुन्हा करायचं. दोन्हीकडच्या उंदरांची टेबलं बदलायची. तेच आलं, तर सोमवारपासून आपलं सगळं पहिल्यापासून.”

रविवारी तेच आलं.

सोमवार

उंदीर करकंबला पोचवायला सिद्राममामा सकाळीच गेले. चोवीस नेले होते, चोवीस परत. अक्कांनी माझ्या पिशवीत कडक भाकऱ्यांची चवड आणि चटणीचा डबा कोंबला, आणि नको म्हटल्यावर कानडीतून रागावल्या.

दुपारच्या गाडीला डॉक्टर स्टेशनवर सोडायला आले. फलाटावर डाकेच्या डब्याजवळ लाल पेटी असते, गाडीबरोबर जाणाऱ्या पत्रांची. तिथं त्यांनी खिशातून दोन पाकिटं काढली. एक विद्यापीठाचं. दुसरं त्या मासिकाच्या संपादकांचं.

“सर, छापून आलेलं नाही अजून,” माझ्या तोंडून निघून गेलं. “थोडं थांबून, नीट विचार करून…”

“तुमच्या प्रबंधात मला चूक दिसली, तेव्हा मी थांबलो होतो, कारण चूक माझी नसेल ना, अशी शंका होती. आता शंका नाही,” ते म्हणाले. “पुन्हा करू की. उंदीर आहेत, सिद्राम आहे. एवढं काय?”

पाकिटं पेटीच्या तोंडाशी नेऊन ते थांबले. एक पुढं केलं, एक मागं ठेवलं.

“आधी तुमचं,” ते म्हणाले आणि सोडून दिलं. मागोमाग स्वतःचं सोडलं.

गाडी सुटायच्या आधी डाकेच्या माणसानं पेटी उघडून पत्रं पिशवीत भरली आणि पिशवी डब्यात टाकली. माझं पास होणं आणि त्यांची माघार एकाच पिशवीतून, एकाच गाडीनं मुंबईला निघाली, आणि दोन डबे मागं खिडकीतून हात हलवत मी.